परवानगीच्या राज्यातील निर्भय पुरुष : त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा

खाजन शेतीचा बांध एका रात्रीत फुटला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्या वृद्ध शेतकऱ्याने सारा जन्म बांध राखण्यात घालविला, तो हे कधीही मान्य करणार नाही. त्याला पक्के ठाऊक असते, की कुर्ल्यांनी महिनोन् महिने त्या बांधात बिळे पाडली होती. एकेक बीळ बोटाएवढेच होते आणि एवढ्याशा बिळाने काय होणार, असे म्हणून गावाने तिकडे दुर्लक्ष केले होते. अमावास्येच्या भरतीने फक्त शेवटचा धक्का दिला. खारे पाणी शेतात शिरल्यावर मग सारा गाव धावला. पण तोवर त्या सालचे भात गेलेले असते आणि पुढील दोनतीन वर्षे जमीनही नापीक होऊन बसते.

मनुष्याच्या स्वातंत्र्याची गोष्ट याहून निराळी नाही. एखाद्या परक्या सैन्याने येऊन देश जिंकला, तर तो दिवस इतिहासात नोंदला जातो आणि मुले त्याची सनावळी पाठ करतात. परंतु स्वातंत्र्य जेव्हा एकेका लहानशा नियमाने, एकेका शिक्क्याने आणि एकेका अर्जाने कमी होत जाते, तेव्हा त्याची नोंद कोणत्याही पंचांगात होत नाही. आपल्या गोमंतकाने हा अनुभव पस्तीस वर्षे घेतला. त्या काळात ज्या थोड्या माणसांनी पहिल्या बिळापासूनच धोक्याची सूचना दिली, त्यांत त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे नाव अग्रभागी येते. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. विद्यार्थी मित्रहो, त्यांचे चरित्र केवळ पराक्रमाची कथा म्हणून वाचू नका. स्वातंत्र्य कसे जाते याचा तो एक पाठ आहे, अशा दृष्टीने वाचा.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदर या गावी एका सुखवस्तू कॅथलिक कुटुंबात झाला. पणजीस प्राथमिक शिक्षण झाल्यावर ते पुढील अभ्यासासाठी फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीस गेले आणि तेथून पॅरिसला. पॅरिसमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. त्या काळी असे शिक्षण घेतलेला गोमंतकीय तरुण विरळाच. युरोपात राहून उत्तम नोकरी करावी, सुखाने संसार करावा आणि सुट्टीत कधीतरी गावी येऊन आंबे खावेत, असा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता. परंतु पॅरिसमध्ये त्यांनी निराळेच व्रत घेतले. हिंदुस्थानात चाललेल्या स्वातंत्र्याच्या चळवळीची खरी हकीकत युरोपातील वाचकांना कळावी म्हणून ते फ्रेंच वृत्तपत्रांतून लिहू लागले. यंत्रविद्येत तयार झालेली ती बुद्धी आता राज्ययंत्राचे भाग सोडवून पाहू लागली होती.

सन १९२६ मध्ये ते गोव्यात परतले. याच वर्षाच्या २८ मे रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली होती. या घटनेचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजेशाही संपून प्रजासत्ताक स्थापन झाले होते. गोवा परतंत्रच राहिला हे खरे; तथापि प्रजासत्ताकाने धर्मावरून केला जाणारा भेद कायद्यातून काढून टाकला आणि लेखनास व भाषणास बरीच मोकळीक दिली. कित्येक शतके दबून राहिलेल्या हिंदू समाजाने या संधीचा लाभ घेतला. गावोगावी मराठी शाळा निघाल्या, वाचनालये उघडली, नियतकालिके सुरू झाली. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे पत्र १९१२ साली निघाले ते याच वातावरणात. पोर्तुगीज भाषेत लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांची तेजस्वी लेखणी चालू होती. सोळा वर्षे गोमंतकाने थोडा मोकळा श्वास घेतला होता. कुन्हा परत आले तेव्हा तो श्वास पुन्हा कोंडण्यास प्रारंभ झाला होता.

हा कोंडमारा एका घावात झाला नाही. लष्करी सत्तेने प्रथम वृत्तपत्रांच्या तपासणीची व्यवस्था केली. ती तात्पुरती आहे, असा समज होता. १९२८ मध्ये अंतोनियो द ओलिव्हैरा सालाझार हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक अर्थमंत्री झाले. जमाखर्च नीट करणारा, काटकसरी व साधा गृहस्थ म्हणून पुष्कळांनी त्यांचे स्वागतच केले. १९३० मध्ये वसाहतींचा कायदा आला. समुद्रापलीकडील प्रदेश बाळगणे व तेथे वसाहत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या स्वभावातच आहे, असे या कायद्याने ठरविले आणि गोमंतकीय मनुष्य पुनश्च वसाहतीतला रयत झाला. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाले आणि १९३३ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली.

या घटनेतील एक खुबी प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखी आहे. विचार प्रकट करण्याचे, सभा भरविण्याचे आणि संस्था स्थापन करण्याचे स्वातंत्र्य नागरिकांना आहे, असे तीत स्पष्ट लिहिले होते. कोणीही वाचून समाधान पावावे असे ते कलम होते. परंतु त्याच कलमाच्या शेपटीला एक वाक्य जोडलेले होते : या स्वातंत्र्यांचा उपयोग कसा करावा, हे विशेष कायदे ठरवतील. झाले! जे उजव्या हाताने दिले ते डाव्या हाताने काढून घेण्याची सोय त्या एका वाक्याने झाली. ज्या एप्रिल महिन्यात घटना अमलात आली, त्याच महिन्यात छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याचा विशेष कायदाही जारी झाला. लोकमत बिघडू नये आणि समाजाचे रक्षण व्हावे, असा त्याचा हेतू सांगण्यात आला. दुष्ट हेतू सांगून कोणतेही सरकार कायदा करीत नाही, हे येथे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्षात काय घडे? वृत्तपत्राचे खिळे जुळवून झाले, की त्याची मुद्रिते तपासनिसाकडे जात. तो आक्षेपार्ह ओळी खोडून पाठवी. मग संपादकाने त्या जागी दुसरा मजकूर भरायचा. कारण खोडलेली जागा कोरी ठेवण्यासही मनाई होती. कोरी जागा दिसली तर वाचकाला कळेल, की येथे काहीतरी होते! स्वातंत्र्य कापले जाते एवढेच नव्हे, तर कापल्याची खूणही उरू द्यायची नाही, असा हा बंदोबस्त होता. शेवटी अंकावर तो तपासला गेल्याची ओळ छापून तो बाहेर पडे.

वृत्तपत्रांपुरतेच हे होते तर सामान्य संसारी माणसाने म्हटले असते, की आपल्याला काय त्याचे? परंतु नियम हा पाण्यासारखा असतो. त्याला उतार मिळाला की तो घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. जाहीर सभेला परवानगी हवी. हस्तपत्रकाला परवानगी हवी. संस्था काढायची तर तिची घटना सरकारने मंजूर करायला हवी. आणि अखेरीस घरातील लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाला दाखवून आणावी लागे! कल्पना करा : मुहूर्त ठरला आहे, देवाला नारळ ठेवून झाला आहे, घरात पापड-लोणच्यांची धांदल चालली आहे, आणि मुलीचा बाप पत्रिकेचा मसुदा घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढतो आहे. कुलदैवताचे नाव, वडीलधाऱ्यांची नावे, तिथी आणि स्थळ एवढाच त्या पत्रिकेतील मजकूर. त्यात राज्य उलथविण्यासारखे काय असणार? काहीही नसे, आणि बहुधा ती मंजूरही होई. परंतु मंजुरी मिळाली म्हणून त्या बापाची मान ताठ होत नसे. आपल्याच घरच्या मंगल कार्याची वार्ता आपल्याच आप्तेष्टांस कळविण्यासाठी आपण दुसऱ्याची अनुज्ञा मागितली, ही गोष्ट त्याच्या मनात कोठेतरी रुतून बसे. आणि दुसऱ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी ती रुतलेली जागाही दुखेनाशी होई.

हे दुखेनासे होणे, हाच अशा राज्यकारभाराचा सर्वांत मोठा विजय असतो. तपासनीस मग फार खोडीत नाही, कारण लिहिणारा स्वतःच आधी खोडून ठेवतो. छापखानेवाला नको असलेले काम आपण होऊन परत करतो. शिक्षक वर्गात एक प्रश्न टाळतो, बाप मुलाला बाहेर काही बोलू नकोस म्हणून बजावतो, शेजारी आवाज उतरवून बोलतो. सरकारने दहा पावले टाकली तर भिऊन वागणारा समाज उरलेली नव्वद पावले आपणच चालतो. यांतील प्रत्येक मनुष्य सज्जन असतो, आणि प्रत्येकाजवळ पोटापाण्याचे सबळ कारण असते. म्हणूनच यात दोष कोणाचा हे सांगणे कठीण होऊन बसते.

काहींनी मात्र मान तुकविली नाही. लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे कुन्हा यांचे नात्यानेही जवळचे. जुलै १९३० मध्ये गोव्याच्या विधिमंडळात त्यांनी वसाहतींच्या कायद्याचा निषेध करणारा आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र १९२८ पासून निघत होते. १९३७ मध्ये सरकारने ते बंद पाडले. पुढच्याच वर्षी, १९३८ च्या जुलैत, मिनेझिस ब्रागांझा निवर्तले. ‘भारत’कार हेगडे देसाई यांच्यावर तर खटल्यामागून खटले झाले. एकेक दिवा अशा रीतीने मंदावत होता.

कुन्हा यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती आणि तिला त्याच वर्षी राष्ट्रीय सभेची मान्यताही मिळाली. गोव्याचा प्रश्न हा हिंदुस्थानच्या प्रश्नाचाच भाग आहे, अशी त्यांची ठाम धारणा होती. १९३४ मध्ये, गोवा ब्रिटिशांच्या नव्हे तर अन्य परकीय सत्तेखाली असल्याच्या कारणाने, राष्ट्रीय सभेने ती मान्यता काढून घेतली. आपल्याच वडील भावाने घराचे दार लावून घ्यावे, तसा हा प्रसंग. परंतु कुन्हा खचले नाहीत. १९३८ मध्ये त्यांनी मुंबईत समितीची शाखा उघडली. गोव्यात जे छापता येत नव्हते ते मुंबईत छापता येत होते. लेखणीला जेथे जागा मिळेल तेथून ती चालवायची, हा त्यांचा बाणा. पोर्तुगीज राज्याच्या चारशे वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या पुस्तिका त्यांनी लिहिल्या. आसामच्या चहाच्या मळ्यांवर पाठविल्या जाणाऱ्या गोमंतकीय कुणबी मजुरांच्या हालअपेष्टांस त्यांनी वाचा फोडली. सुशिक्षितांच्या हक्कांबरोबरच, ज्यांना सहीदेखील करता येत नव्हती अशा कष्टकऱ्यांचे हक्कही त्यांना तितकेच महत्त्वाचे वाटत.

१९४४ मध्ये त्यांचे गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणाविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील विवेचन पुष्कळांना झोंबले, कारण त्यांचा रोख केवळ राज्यकर्त्यांवर नव्हता. तो आपल्याच समाजावर होता. परकी सत्ता आधी भूमी घेते आणि नंतर हळूहळू मन घेते; मग अंकित झालेला मनुष्य आपल्या भाषेची, आपल्या वेषाची, आपल्या पूर्वजांची लाज बाळगू लागतो, हा त्या ग्रंथाचा आशय. स्वतः पोर्तुगीज नावाच्या, फ्रेंच विद्येत वाढलेल्या एका कॅथलिक गृहस्थाने हे लिहावे, यात केवढे धैर्य होते! घरातील माणसांचा रोष पत्करणे हे सरकारचा रोष पत्करण्याहूनही कधीकधी अवघड असते.

आणि मग १८ जून १९४६ हा दिवस उजाडला. डॉ. राममनोहर लोहिया आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी विश्रांतीसाठी आले होते. येथील स्थिती पाहून त्यांनी सभाबंदी मोडण्याचे ठरविले. भर पावसात मडगावच्या मैदानावर लोक जमले. सरकारी अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले तरी लोहिया डगमगले नाहीत. त्यांना अटक झाली. परंतु त्या दिवशी गोमंतकाच्या मनातील एक साखळी तुटली. सभेत बोलण्यासाठी तोंड लागते, परवानगीचा कागद लागत नाही, ही साधी गोष्ट लोकांना कित्येक वर्षांनी आठवली.

या चळवळीचा भार पुढे ज्यांनी उचलला त्यांत कुन्हा होतेच. १२ जुलै १९४६ रोजी त्यांना पकडण्यात आले आणि आग्वादच्या किल्ल्यातील कोठडीत ठेवण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते. शस्त्र म्हणाल तर त्यांच्यापाशी लेखणीवाचून काही नव्हते. तरीही खटला चालला तो लष्करी न्यायालयापुढे. गोव्यात अशा न्यायालयापुढे उभे केलेले ते पहिलेच मुलकी नागरिक. आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या सागरी किल्ल्यात नेऊन ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, ज्युझे इनास लोयला यांच्याही नशिबी तोच तुरुंग आला. पहा, कोठून निघालेला रस्ता कोठे पोचला! वृत्तपत्रातील चार ओळी खोडणारी पेन्सिल, सभेचा परवाना, पत्रिकेवरील मंजुरी, ही ज्या वाटेची पहिली पावले, त्याच वाटेच्या शेवटी हजारो मैलांवरचा हा तुरुंग उभा होता.

१९५० मध्ये त्यांची सुटका झाली; पण ती नावालाच. तुरुंगाचे दार उघडले तरी देशाचे दार बंदच राहिले. त्यांना मायदेशी परतण्यासाठी पारपत्र मिळेना. पुन्हा एक कागद! ज्या राज्यात प्रत्येक गोष्ट कागदावर अवलंबून असते, तेथे कागद न देणे हीच बेडी होते. अखेर १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटले आणि पॅरिसमार्गे मुंबईस पोचले. बासष्ट वर्षांच्या, तुरुंगवासाने थकलेल्या त्या पुरुषाने विश्रांतीचा विचारही मनात आणला नाही. गोवा कृती समिती स्थापन करून त्यांनी विखुरलेल्या गटांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आणि ‘फ्री गोवा’ हे पत्र सुरू केले. त्या पत्राचे काम पुढे त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा यांनी चालविले. मामाची लेखणी आणि पित्याचा वारसा त्या कन्येने एकत्र सांभाळला.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत कुन्हा यांचे देहावसान झाले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, सव्वातीन वर्षांनी. ज्या भूमीसाठी त्यांनी सर्वस्व वेचले ती मुक्त झालेली त्यांना पाहता आली नाही. पणजीच्या आझाद मैदानावर उंच खांबांचा एक जुना मंडप आहे. पोर्तुगीज अमदानीत त्यात आफोंसो द आल्बुकेर्क यांचा पुतळा होता. आज त्याच मंडपात कुन्हा यांच्या अस्थी विसावल्या आहेत. जेत्याच्या जागी, हाती शस्त्र न धरलेला हा बंदिवान आला, यापेक्षा निराळे स्मारक त्यांना हवे असते असे वाटत नाही.

आता तो काळ गेला. मग ही कथा आज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच अलीकडच्या इतिहासात आहे. स्वतंत्र भारतातही जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वी तपासला जाऊ लागला, आणि विरोधकांना विनाचौकशी तुरुंगात टाकले गेले. राज्यकर्ते आपलेच होते, भाषाही आपलीच होती. लोकांनी १९७७ च्या निवडणुकीत आपला निर्णय दिला आणि तो अंधार सरला. परंतु बांधाला बिळे केवळ परकीच पाडतात हा आपला समज त्या एकवीस महिन्यांनी खोटा ठरविला.

म्हणून प्रत्येक नियमाला विरोध करावा, असे नव्हे. रस्त्यावर वाहन कोणत्या बाजूने चालवावे याचाही नियमच असतो, आणि तो मोडणारा देशभक्त ठरत नाही. राज्य चालायचे तर नोंदी हव्यात, परवाने हवेत, करही हवेत. विवेक हवा तो एवढाच : नवा नियम आला की तो कोणी केला, कशासाठी केला आणि किती दिवसांसाठी केला, हे विचारण्याची सवय सुटता कामा नये. तात्पुरता म्हणून आलेला नियम कायमचा होऊन बसला नाही ना, हे पाहिले पाहिजे. ज्याची मंजुरी घ्यावी लागते ती गोष्ट मुळात आपल्याच अधिकारातली नव्हती काय, हेही पाहिले पाहिजे. आणि दुसऱ्याच्या वृत्तपत्रातील ओळ खोडली जात असताना ती आपल्या घरच्या पत्रिकेपर्यंत येणार आहे, हे ओळखले पाहिजे.

पणजीस सहलीला जाल तेव्हा आझाद मैदानावरील त्या मंडपापाशी क्षणभर उभे राहा. तेथे आपल्याला कोणीही अडवीत नाही, दाराशी नाव लिहून घेत नाही, पाच जण मिळून बोलू लागलो तर परवाना मागत नाही. ही इतकी साधी गोष्ट आपल्याला मिळवून देण्यासाठी एका माणसाने आग्वाद आणि पेनिश पाहिले, याची आठवण तेवढी तेथे मनात असू द्या.